टॉल्किन वाचताना आधी तारीख विचारा

विचारणारा विद्यार्थी इंग्रजीत एम.ए. करतो आहे आणि त्याला जे. आर. आर. टॉल्किन या इंग्रज लेखकाच्या कथांतल्या ऑर्कांवर, म्हणजे दुष्ट शक्तीच्या फौजेतल्या क्रूर, कुरूप जीवांवर, लघुप्रबंध लिहायचा आहे. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ दोन-तीनदा वाचून झालंय, त्याच जगाच्या पुराणकथांचं ‘सिल्मरिलियन’ एकदा, चित्रपट तोंडपाठ. अडचण दुहेरी आहे. मार्गदर्शक म्हणतात, हे चाहत्यांचं खूळ, यात अभ्यासाचं काय आहे? आणि चाहत्यांकडे जावं तर तिथे भांडण जुंपलेलं. एक म्हणतो ऑर्क पकडून छळलेल्या एल्फांपासून, म्हणजे या जगातल्या अमर, देखण्या जमातीपासून झाले, दुसरा म्हणतो माणसांपासून, आणि दोघंही टॉल्किनचीच वाक्यं पुढे करतात. यातलं ‘अधिकृत’ कोणतं धरायचं आणि सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न.

हा विषय मी बरीच वर्षं शिकवते आहे, आणि असे विषय घेऊन येणाऱ्या जवळपास प्रत्येकाचं घोडं इथेच पेंड खातं. दोघंही खरं बोलताहेत. टॉल्किनने दोन्ही लिहिलंय, वेगवेगळ्या काळात. ‘अधिकृत काय’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि प्रत्येक उताऱ्याला तीन गोष्टी विचारा: कधी लिहिला, कोणासाठी लिहिला, आणि छापला कोणी. तुमच्या प्रबंधाचा सांगाडा या तीन उत्तरांतूनच उभा राहील.

ऑर्कांचंच घ्या. पहिल्या महायुद्धातून आजारी होऊन परतल्यावर, १९१६-१७ च्या सुमारास, टॉल्किनने गोंडोलिन या एल्फांच्या नगरीच्या पाडावाची गोष्ट लिहिली. त्यात ऑर्क जमिनीखालच्या उष्णतेतून आणि चिखलातून घडवलेले आहेत. १९३० च्या आसपासच्या मजकुरात ते दगडातून घडवलेले आणि काळजात द्वेष भरलेले होतात. म्हणजे तोवर दुष्ट शक्ती स्वतःच्या बळावर जीव निर्माण करू शकते. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये हे बदलतं. तिसऱ्या खंडात किरिथ उंगोलच्या बुरुजात कथानायक फ्रोडो आपल्या सोबत्याला, सॅमला, सांगतो की अंधाराची सत्ता नक्कल करू शकते, नवं घडवू शकत नाही. ऑर्कांना तिने जीव दिला नाही, असलेला जीव बिघडवून वाकडा केला. ही धर्मशास्त्रीय उडी आहे. टॉल्किन कट्टर कॅथलिक होता आणि सृष्टी निर्माण करण्याचा अधिकार एकट्या ईश्वराचा, ही गोष्ट त्याच्या मनात पक्की होती.

पण मग बिघडवलं कोणाला? १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो लिहितो, एल्फांना. त्याच दशकाच्या अखेरीस त्यालाच ते पटेनासं होतं. एल्फ अमर, मग ऑर्कही अमर का? त्यांच्या आत्म्याचं मेल्यावर काय होतं? त्या काळातल्या टिपणांत तो माणसांकडे वळतो, मध्येच पशूंचा विचार करतो, काही ऑर्क मुळात दुय्यम दर्जाचे दुष्टात्मे असावेत असंही लिहितो, आणि कालगणना जुळत नाही म्हणून अडतो. शेवटचा निकाल त्याने दिलाच नाही. १९७३ मध्ये तो गेला तेव्हा प्रश्न तसाच उघडा होता. १९७७ मध्ये मुलाने, ख्रिस्तोफर टॉल्किनने, ‘सिल्मरिलियन’ प्रसिद्ध केलं तेव्हा त्यात एल्फांचं मत आलं, तेही ‘जाणत्यांच्या मते’ अशा थाटात. नंतरची शंकाकुल टिपणं १९९३ साली ‘मॉरगॉथ्स रिंग’ या खंडात छापली गेली. तुमच्या ओळखीतला एक चाहता १९७७ चं पुस्तक उघडून बसलाय, दुसरा १९९३ चं. भांडणाचं कारण एवढंच.

आता हा गुंता झालाच कसा, ते नीट समजून घ्या, कारण मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न यावरच येईल.

टॉल्किनच्या हयातीत मध्यपृथ्वीची, म्हणजे त्याच्या या कल्पित जगाची, मोठी पुस्तकं दोनच आली. ‘हॉबिट’ १९३७ मध्ये आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ १९५४-५५ मध्ये, तीन भागांत. ज्या पुराणकथांवर त्याने जवळपास साठ वर्षं काम केलं, त्या पेटाऱ्यातच राहिल्या. ख्रिस्तोफर ऑक्सफर्डमध्ये जुनं इंग्रजी शिकवत होता. १९७५ मध्ये त्याने ती नोकरी सोडली आणि उरलेलं आयुष्य वडिलांच्या कागदांना दिलं. आधी गाय गॅव्हरियल के या तरुण मदतनिसाला हाताशी घेऊन त्याने एकसंध, वाचनीय ‘सिल्मरिलियन’ तयार केलं. त्यासाठी वेगवेगळ्या दशकांतले मजकूर एकमेकांना जोडले, काही ठिकाणी सांधे स्वतः भरले. मग त्यालाच वाटू लागलं की हे सांधे वाचकाला दिसायला हवेत. म्हणून १९८३ ते १९९६ या काळात ‘हिस्टरी ऑफ मिडल-अर्थ’चे बारा खंड काढले. त्यांत खर्डे, खाडाखोड, समासातल्या नोंदी, कोणता कागद कोणत्या कागदानंतरचा, सगळं उघड केलंय.

आपल्याकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती केली, तिच्या तळटीपा ज्यांनी चाळल्या असतील त्यांना ही शिस्त ओळखीची वाटेल. फरक एक आहे. तिथे शेकडो वर्षांतले अनेक लेखनिक आहेत. इथे सगळे पाठभेद एकाच माणसाने केलेले आहेत, आणि तो माणूस स्वतःच्या जुन्या वाक्यावर समाधानी राहणाऱ्यातला नव्हता.

एक उदाहरण जवळून पाहू. गिल-गालाड हा एल्फांचा शेवटचा मोठा राजा. १९७७ च्या पुस्तकात तो फिंगॉनचा मुलगा आहे. वंशावळीत तसं छापलंय, त्यावरून असंख्य तक्ते निघाले, भिंतीवर लावायची चित्रं निघाली. १९९६ च्या बाराव्या खंडात ख्रिस्तोफर स्वच्छ लिहितो की ही नोंद घ्यायला नको होती. वडिलांच्या जुन्या कागदात तो विचार येऊन गेला होता खरा, पण त्यांचं शेवटचं मत वेगळं होतं. त्या मतानुसार गिल-गालाड ओरोड्रेथचा मुलगा, म्हणजे घराणंच बदललं. नुसत्या ‘सिल्मरिलियन’चा हवाला देऊन ‘टॉल्किनच्या मते गिल-गालाड फिंगॉनपुत्र’ असं लिहिणाऱ्याचं वाक्य चूक ठरतं. ‘१९७७ च्या संपादित पाठात’ एवढे शब्द घातले की तेच वाक्य बरोबर होतं. हे तीन-चार शब्द लिहायची सवय लावून घ्या.

डोरियाथ या एल्फांच्या राज्याच्या विनाशाचं प्रकरण तर याहून पुढचं. ती गोष्ट टॉल्किनने १९३० नंतर सबंध अशी पुन्हा लिहिलीच नाही, आणि मधल्या काळात भोवतालचं सगळं कथानक बदलून बसलं. तेव्हा ख्रिस्तोफर आणि के यांनी मिळून ते प्रकरण बरंचसं स्वतः रचलं. हे त्याने १९९४ च्या अकराव्या खंडात कबूल केलंय. त्या प्रकरणातल्या सुंदर वाक्यावरून ‘टॉल्किनची शैली’ सांगू गेलात आणि परीक्षक जाणकार निघाला, तर तो गालातल्या गालात हसेल.

हयातीत छापलेल्या पुस्तकांचा पाठ तरी स्थिर आहे का? तोही नाही. १९३७ च्या ‘हॉबिट’मध्ये गुहेत राहणारा गॉलम कथानायक बिल्बोशी लावलेल्या कोड्यांच्या पैजेत अंगठी बक्षीस म्हणून देऊ करतो. हरल्यावर ती सापडत नाही म्हणून बिचारा माफी मागतो आणि बिल्बोला बाहेरची वाट दाखवतो. पुढच्या पुस्तकात हीच अंगठी सगळ्या अनर्थाचं मूळ ठरली, आणि असली अंगठी कोणी पैजेवर लावेल हे अशक्य झालं. टॉल्किनने ते प्रकरण नव्याने लिहून प्रकाशकांकडे नमुना म्हणून पाठवलं, आणि १९५१ च्या आवृत्तीत ते छापून आलं. मग जुन्या पाठाचं काय? त्याने तोही वाया घालवला नाही. बिल्बोने आधी खोटं सांगितलं होतं, अंगठीवरचा आपला हक्क खरा दाखवायला, असं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या प्रास्ताविकात घालून टाकलं. अंगठी माणसाला खोटं बोलायला लावते याचा पहिला पुरावा म्हणजे स्वतः लेखकाची जुनी आवृत्ती. मला विचाराल तर साहित्यातल्या सगळ्या दुरुस्त्यांत ही सर्वांत चलाख.

आता तुमच्या मार्गदर्शकांचं नाक मुरडणं. त्याला परंपरा आहे. १९५६ मध्ये अमेरिकन समीक्षक एडमंड विल्सन यांनी ‘द नेशन’मध्ये या पुस्तकाला पोरखेळ ठरवून झोडपलं होतं. १९९७ मध्ये ब्रिटनमधल्या वॉटरस्टोन्स या पुस्तकविक्रेत्यांच्या कौलात वाचकांनी हेच पुस्तक शतकातलं सर्वश्रेष्ठ म्हणून निवडलं, तेव्हा तिथल्या साहित्यिक वर्तुळात सुतकी कळा पसरली होती. हा तुच्छतेचा सूर ऐकून घ्या आणि मग मार्गदर्शकांना विचारा: या विषयावर काम करताना प्राध्यापक जी साधनं वापरतात, ती बनवली कोणी?

रॉबर्ट फॉस्टरचा मध्यपृथ्वीचा नामकोश १९७१ मध्ये पुस्तकरूपात आला, पण त्याच्या आधी तो ‘निएकास’ नावाच्या चाहत्यांच्या नियतकालिकात तुकड्यातुकड्याने येत होता. कॅरन विन फोन्स्टॅड या नकाशाशास्त्राचं शिक्षण घेतलेल्या बाईंनी १९८१ मध्ये मध्यपृथ्वीचा ॲटलास केला. प्रत्येक प्रवासाचा रोजचा टप्पा, प्रत्येक लढाईची मांडणी, गुहेचा आडवा छेद, सगळं मूळ मजकुराशी ताडून. त्यांच्या पुस्तकावाचून मोरिया या भूमिगत नगरीचं प्रकरण शिकवायला मी आजही बसत नाही. आणि सर्वांत आवडती व्यक्ती म्हणजे रिचर्ड ब्लॅकवेल्डर. हे गृहस्थ प्राणिशास्त्रज्ञ, भुंग्यांच्या वर्गीकरणातले अधिकारी. उतारवयात टॉल्किन हाती लागला आणि भुंगे ज्या चिकाटीने निवडले त्याच चिकाटीने त्यांनी पुस्तकातले शब्द निवडून, वर्णानुक्रमे लावून, कुठे कुठे येतात त्याची जंत्री केली. ती १९९० मध्ये प्रसिद्ध झाली. जमवलेला सगळा संग्रह त्यांनी मार्क्वेट विद्यापीठाला दिला.

मार्क्वेटचं नाव निघालं म्हणून सांगते. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातलं हे जेझुइटांचं विद्यापीठ. तिथले ग्रंथपाल विल्यम रेडी यांनी १९५७ मध्ये ‘हॉबिट’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची हस्तलिखितं १,५०० पौंडांना विकत घेतली. बाकी कोणाला ती मागावीशीही वाटली नव्हती. उरलेले बहुतेक कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहेत. एका लेखकाचे खर्डे असे महासागराच्या दोन काठांवर. ख्रिस्तोफरने फ्रान्समध्ये बसून मार्क्वेटच्या छायाप्रतींवरून काम केलं. युद्धकाळात कागदाची टंचाई होती, त्यामुळे बरेच खर्डे परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूवर आहेत. त्यांत पुढे राजा होणाऱ्या ॲरागॉर्नच्या जागी ‘ट्रॉटर’ नावाचा, लाकडी बूट घालणारा हॉबिट (फ्रोडोच्या बुटक्या जमातीतला) भेटतो, आणि फ्रोडोचं नाव बिंगो असतं. विश्वासच बसत नाही, पण आहे.

याच मार्क्वेटने २०१७ पासून चाहत्यांच्या मौखिक इतिहासाचं काम हाती घेतलंय. प्रत्येकाने तीन मिनिटांत सांगायचं: टॉल्किन पहिल्यांदा कधी भेटला, चाहता का आहात, आणि या लेखनाचं तुमच्या लेखी मोल काय. उद्दिष्ट ६,००० मुलाखतींचं. हा आकडा पुस्तकातल्या रोहन राज्याच्या राजाने शेजारच्या गोंडोर राज्याच्या मदतीला नेलेल्या घोडेस्वारांचा. जतन करणारा अभिलेखपाल स्वतःच चाहता असल्याशिवाय असला आकडा सुचत नाही. चाहत्यांचं खूळ अभ्यासाच्या बाहेर आहे असं म्हणणाऱ्यांना सांगा की ते खूळ आता अभिलेखागाराचा विषय झालंय.

चाहत्यांनी मूळ पाठावर परिणाम केल्याचंही उदाहरण आहे. १९६५ मध्ये एस बुक्स या अमेरिकन प्रकाशनाने तिथल्या कॉपीराइट कायद्यातली पळवाट काढून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ७५ सेंटना एक खंड या दराने विकायला काढलं, लेखकाला छदाम न देता. उत्तर म्हणून बॅलंटाइनची अधिकृत आवृत्ती ९५ सेंटना निघाली. टॉल्किन अमेरिकन वाचकांच्या पत्रांना उत्तर देताना या चोरीची हकीकत लिहीत असे. वाचकांनी ती उचलून धरली, आणि एसला शेवटी मानधन देऊन आवृत्ती थांबवावी लागली. पण नवा कॉपीराइट मिळवायचा तर मजकुरात बदल हवा होता. त्या निमित्ताने पुस्तकाची दुसरी आवृत्ती सिद्ध झाली आणि तिला नवी प्रस्तावना आली. ‘मला रूपककथेचा तिटकारा आहे’ हे जे टॉल्किनचं मत सगळे फेकतात, ते या प्रस्तावनेतलं. त्याच वर्षी रिचर्ड प्लॉट्झ या कॉलेजलाही न गेलेल्या मुलाने अमेरिकेत टॉल्किन सोसायटी काढली. इंग्लंडमधली सोसायटी १९६९ ची, व्हेरा चॅपमन यांची. तिचं मानद अध्यक्षपद खुद्द टॉल्किनने स्वीकारलं, आणि आजही कागदोपत्री अध्यक्ष तोच आहे.

विद्यापीठीय बाजूने दार उघडलं ते टॉम शिपी यांनी. लीड्समध्ये टॉल्किन पूर्वी ज्या अध्यासनावर होता, त्याच अध्यासनावर हे बसले. १९८२ चं त्यांचं ‘द रोड टू मिडल-अर्थ’ हे पुस्तक दाखवतं की टॉल्किनच्या कल्पना भाषाशास्त्राच्या पोटातून आल्या. जुन्या इंग्रजी कवितेत अर्थ न लागणारा एखादा शब्द सापडायचा, आणि तो शब्द कोणत्या जगात सहज वापरला गेला असता याचा शोध घेता घेता गोष्ट तयार व्हायची. पुढच्याच वर्षी व्हर्लिन फ्लीगर यांचं प्रकाश आणि भाषा यांवरचं पुस्तक आलं. २००३ मध्ये जॉन गार्थ यांनी महायुद्धातल्या टॉल्किनचा मागोवा घेतला. गार्थ पत्रकार. वेन हॅमंड आणि क्रिस्टिना स्कल या दांपत्याने २००५ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वर ओळीओळीची टीका काढली. दोघंही पेशाने ग्रंथपाल. या क्षेत्रात पदवीपेक्षा बैठक मोजली जाते, एवढं लक्षात ठेवा.

भाषांच्या बाबतीत चाहते प्राध्यापकांच्याही पुढे आहेत. क्वेन्या आणि सिंदारिन या एल्फांच्या भाषांची टॉल्किनची टिपणं ‘पार्मा एल्डालाम्बेरॉन’ आणि ‘विन्यार टेंग्वार’ या हौशी मंडळींच्या नियतकालिकांतून क्रमाने छापली गेली आहेत. तो तुमचा विषय नव्हे, पण एक गंमत मराठी वाचकाला सांगितल्यावाचून राहवत नाही. टेंग्वार ही त्याची लिपी आपल्या वर्णमालेसारखी उच्चारस्थानांवर बसवलेली आहे. दंत्य, ओष्ठ्य, कंठ्य अशा रांगा, आणि स्वर व्यंजनाच्या डोक्यावर खुणांनी. आपल्याकडे त आणि द यांच्या आकाराचा एकमेकांशी संबंध नाही. त्याच्याकडे ‘त’च्या कमानीला दुसरी कमान जोडली की ‘द’ होतो, ‘प’ला जोडली की ‘ब’. तिसऱ्या खंडाच्या परिशिष्टात हा तक्ता आहे. कखगघङ घोकलेल्या माणसाला तो पाच मिनिटांत उमगतो, इंग्रजी वाचक मात्र चाचपडत राहतो. चित्रपटांसाठी नंतर बनवलेली एल्फी वाक्यं आणि टॉल्किनने स्वतः लिहिलेली वाक्यं यांतला फरक मात्र कायम सांभाळा.

आता पत्रं. १९८१ चा पत्रसंग्रह हे सगळ्यांचं लाडकं हत्यार, आणि सगळ्यांत धोक्याचंही. २०२३ मध्ये त्याची वाढीव आवृत्ती आली, दीडशेहून अधिक नवी पत्रं घेऊन. पण त्यातली कित्येक पत्रं म्हणजे न पाठवलेले खर्डे आहेत. आणि पाठवलेली असली तरी कोणाला लिहिलंय ते महत्त्वाचं. ‘हे पुस्तक मुळात धार्मिक आणि कॅथलिक आहे’ हे वाक्य १९५३ च्या पत्रातलं. पत्र रॉबर्ट मरे या जेझुइट मित्राला होतं, ज्याने पुस्तकातला हाच सूर ओळखून कळवलं होतं. वाक्य खरंच आहे. पण दुसऱ्या आवृत्तीची प्रस्तावना ज्या हजारो अनोळखी वाचकांना उद्देशून होती, त्यांना त्याने हे सांगितलं नाही, हेही तितकंच खरं.

यातलं सर्वांत प्रसिद्ध पत्र तुम्हीही पाहिलं असेल, दर ३ जानेवारीला त्याच्या वाढदिवशी फिरतं. १९३८ मध्ये पॉट्सडामच्या र्‍युटेन आणि ल्योनिंग या प्रकाशनाने ‘हॉबिट’च्या जर्मन भाषांतराची बोलणी करताना टॉल्किनला विचारलं, तुम्ही आर्य वंशाचे ना? फिरणाऱ्या उत्तरात तो म्हणतो, माझे कोणी पूर्वज हिंदुस्तानी, फारसी, जिप्सी बोलत असल्याचं मला ठाऊक नाही. म्हणजे ‘आर्य’ शब्दाचा खरा अर्थ त्याने नाझींच्या तोंडावर मारला. ज्यूंविषयी विचारत असाल तर त्या गुणी लोकांत माझे पूर्वज नसल्याची खंत वाटते, असंही पुढे. टाळ्या घेणारं पत्र आहे, पण तारखेबरोबर त्याची अवस्थाही पाहा. टॉल्किनने दोन मसुदे करून आपल्या प्रकाशकाकडे, स्टॅन्ली अन्विनकडे, निवडीसाठी पाठवले होते. हा मसुदा लंडनच्या फायलीत राहिला, म्हणजे जर्मनीला बहुधा दुसरा गेला. तेव्हा ‘टॉल्किनने नाझींना हे उत्तर दिलं’ असं न लिहिता ‘असा मसुदा केला’ असं लिहा. त्याच्या मताबद्दल शंका उरत नाहीच.

हे पत्र तुमच्या विषयाला थेट लागतं, कारण त्याच्या शेजारी १९५८ चं एक पत्र ठेवावं लागेल. एका चित्रपटाच्या आराखड्यावर टिप्पणी करताना त्यात तो ऑर्कांचं रूप सांगतो: बुटके, चपट्या नाकाचे, तिरप्या डोळ्यांचे, आणि दाखला देतो मंगोल चेहरेपट्टीतल्या (युरोपियनांच्या दृष्टीने) कुरूप नमुन्यांचा. कंसातली पुस्ती त्याचीच. वीस वर्षांच्या अंतराने हाच तो माणूस. एकच पत्र उचलून त्याला वंशवादी ठरवणारे आणि दुसरं उचलून त्याला निर्मळ ठरवणारे, दोघंही अर्ध्या कागदावर बोलतात. डिमिट्रा फिमी यांचं वंश आणि सांस्कृतिक इतिहासावरचं २००८ चं पुस्तक आधी वाचा. त्या दोन्ही बाजूंचा कागद समोर ठेवतात. मग तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांचा ऑर्कांच्या बाजूने लिहिलेला निबंध, जो त्यांच्या मृत्यूनंतर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. मला तो काही ठिकाणी ओढूनताणून वाटतो, पण तुमच्या प्रबंधाला प्रतिपक्ष हवाच, आणि याहून तगडा मिळणार नाही. २०२१ मध्ये टॉल्किन सोसायटीने वैविध्य या विषयावर चर्चासत्र ठेवलं तेव्हा निबंध वाचले जाण्याआधीच चाहत्यांतल्या एका गटाने आकाशपाताळ एक केलं होतं. त्या गदारोळात पडू नका, निबंध वाचा.

आणि मूळ पुस्तकातला एक प्रसंग या सगळ्यात हरवू देऊ नका. दुसऱ्या खंडाच्या अखेरीस सॅम अंधारात लपून शाग्राट आणि गोरबाग या दोन ऑर्क नायकांचं बोलणं ऐकतो. युद्ध संपलं की दोन-चार भरवशाची पोरं घेऊन सटकू, कुठेतरी लुटायला बरं असेल तिथे बस्तान बसवू, डोक्यावर साहेब लोक नकोत, असे त्यांचे बेत चाललेत. वरच्यांनी काही घोळ घातलाय अशी कुरकुर आहे. साथीदाराला मरायला टाकून जाणं कसं एल्फी दगाबाजीचं लक्षण, असा शेराही आहे, आणि काही वेळाने तेच दोघं स्वतःच्या एका विसरलेल्या सोबत्याची हकीकत हसत सांगतात. ज्यांना बरंवाईट कळतं आणि तरी जे असे वागतात, त्यांचा उगम चिखलात कसा असेल? १९५४ च्या एका न पाठवलेल्या पत्रात टॉल्किन ऑर्कांना विवेक असलेले देहधारी जीव म्हणतो. शाग्राट-गोरबागचं प्रकरण त्याच्या दहा वर्षं आधी, १९४४ मध्ये लिहिलेलं आहे. माझ्या मते सिद्धांत नंतर आला, आधी ही दोन पात्रं बोलू लागली. तुमच्या प्रबंधाचा मुद्दा इथे मिळू शकेल.

पुस्तकांच्या खर्चाचं म्हणाल तर बारा खंड विकत घ्यायची गरज नाही. दहावा खंड, म्हणजे ‘मॉरगॉथ्स रिंग’, पुरे, जमलं तर पहिले दोन ग्रंथालयातून आणा. शिपी आणि पत्रसंग्रह स्वतःचा हवा, खुणा करायला. टॉल्किनचं १९३६ चं ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी काव्यावरचं व्याख्यान आणि १९३९ चं परीकथांवरचं व्याख्यान, ही दोन चुकवू नका. पहिल्यात तो राक्षसांना कवितेच्या केंद्रस्थानी बसवतो, आणि राक्षसांवर लिहिणाऱ्या तुमच्यासारख्याला ते सोडून चालणार नाही. ‘मिथलोर’ आणि ‘मॅलॉर्न’ या चाहत्यांच्या संस्थांच्या नियतकालिकांचे जुने अंक इंटरनेटवर मोफत आहेत, ‘जर्नल ऑफ टॉल्किन रिसर्च’ तर पूर्णच मोफत. ‘टॉल्किन स्टडीज’ हे २००४ पासूनचं वार्षिक तुमच्या विद्यापीठाच्या डिजिटल वर्गणीत आहे का, ते ग्रंथपालांना विचारा. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी केलेलं ‘स्वामी मुद्रिकांचा’ हे भाषांतर आहे. प्रबंध इंग्रजीत असला तरी शाग्राट-गोरबागचा संवाद त्यात वाचून पाहा, बोलीचा बाज कसा उतरलाय ते बघायला.

विकींवर विसंबू नका असं मी म्हणणार नाही. टॉल्किन गेटवेसारख्या ठिकाणी तळटीपा चांगल्या असतात, त्यावरून मूळ पान लवकर सापडतं. फक्त हवाला विकीचा देऊ नका, त्या पानाचा द्या, आणि ते पान उघडून पाहिल्यावरच.

मार्गदर्शकांकडे जाताना विषयाचं नाव ‘टॉल्किनचे ऑर्क’ असं नेऊ नका, ते हसतील. ‘ऑर्कांच्या उत्पत्तीचे पाठ, १९१६ ते १९६०: निर्मिती, विकृती आणि विवेक’ असं काहीतरी न्या. सोबत एक पानाचा तक्ता जोडा. डावीकडे लेखनाचं वर्ष, मग मजकूर, मग तो खर्डा आहे की पत्र की हयातीत छापलेला पाठ, मग प्रसिद्धीचं वर्ष आणि संपादक, आणि शेवटी ऑर्क कशापासून झाले ते एका ओळीत. आठ-नऊ ओळींचा तक्ता होईल. तो तयार झाला की मला दाखवा. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ट्रीबिअर्ड हा झाडासारखा जीव ऑर्कांविषयी जे वाक्य बोलतो, त्याची ओळ बहुतेक जण विसरतात, ती घातली आहे का ते आधी बघेन.